मायना गळालेली पत्रे, मोजणी उरलेला नाच

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत दोन दप्तरे आहेत. त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण १९१५ हे साल दोन्हींत येते. एका दप्तरात पाच-पाच रेषांवर मांडलेल्या खुणा आहेत. लांबून ती स्वरलिपी वाटते, पण त्या खुणा सुरांच्या नाहीत, हातापायांच्या आहेत. दुसऱ्या दप्तरात टंकलिखित इंग्रजी अहवाल आहेत आणि त्या अहवालांत फ्रान्सच्या आघाडीवर लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या पत्रांतले उतारे.

पहिले दप्तर वात्स्लाव निजिन्स्कीचे. युरोप गाजवणारा हा रशियन नर्तक महायुद्ध सुरू झाले तेव्हा बुडापेस्टला सासुरवाडीत अडकला. रशिया शत्रुराष्ट्र ठरल्यामुळे त्याला शहर सोडायची बंदी झाली. रंगमंच नाही, मंडळी नाही. अशा दिवसांत त्याने आपलाच एक नाच स्वतः बेतलेल्या लिपीत उतरवायला घेतला. दुसरे दप्तर इव्हलिन बर्कले हॉवेल या अधिकाऱ्याच्या कचेरीतले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बुलोन गावी बसून हिंदी शिपायांची टपाल वाचायची आणि तिच्यात राजद्रोहाचा वास येतो का ते वरिष्ठांना कळवायचे, हे त्याचे काम.

गेलेला काळ हाती लागतो तो अशा कागदांतून. आणि त्यांतले बहुतेक कागद भलत्याच कामासाठी तयार झालेले असतात: कुणी तालमीत मोजणी चुकू नये म्हणून केलेले, कुणी विकायला काढलेले, कुणी संशयापोटी जमवलेले. त्यांतून नाचणारे पाऊल किंवा बोलणारा माणूस पुन्हा उभा करायचा तर काय काय करावे लागते, हे समजायला निजिन्स्कीचाच आणखी एक नाच बघावा लागतो. तो त्याने लिपीत उतरवला नव्हता.

पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरात २९ मे १९१३ रोजी सर्गेई दियाघिलेवच्या ‘बॅले रूस’ मंडळीने ‘ल साक्र द्यु प्रँताँ’ हा नवा बॅले सादर केला. इंग्रजीत त्याला ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ म्हणतात. आपण ‘वसंतविधी’ म्हणू. संगीत इगोर स्त्राविन्स्कीचे, पडदे आणि वेषभूषा निकोलस रोरिकची, नृत्यरचना तेव्हा चोविशीच्या आसपास असलेल्या निजिन्स्कीची. प्राचीन रशियातली टोळी वसंताला आवाहन करते आणि शेवटी एक निवडलेली मुलगी मरेपर्यंत नाचते, एवढेच कथानक. बासून या फुंकवाद्याच्या त्या विचित्र, उंच सुरापासून प्रेक्षकांत कुजबूज सुरू झाली आणि पडदा वर गेल्यावर तिचा गोंगाट झाला. शिट्या, आरडाओरडा, आपसांत हमरीतुमरी. वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा विंगेत खुर्चीवर उभा राहून निजिन्स्की नर्तकांना ओरडून आकडे सांगत होता. संचालक पिएर माँतो यांनी मात्र शेवटच्या सुरापर्यंत वाजवणे थांबवले नाही.

लोक चिडले होते ते नुसत्या संगीतावर नाही. बॅलेची जुनी शिकवण होती की पाय बाहेरच्या बाजूला वळलेले हवेत, देह वर उचललेला हवा, उडी घेतल्यावर जमिनीचा विसर पडला पाहिजे. निजिन्स्कीने हे सारे उलटे केले. पावले आत वळलेली, गुडघे वाकलेले, खांदे झुकलेले, गालाखाली मूठ. उडी होती, पण ती जमिनीवर आदळण्यासाठी. हवेत तरंगण्यासाठी जग ज्याला ओळखत होते, त्यानेच नर्तकांना मातीत रोवून उभे केले होते.

पॅरिस आणि लंडन मिळून ‘वसंतविधी’चे दहाच्या आतच प्रयोग झाले. त्याच सप्टेंबरात निजिन्स्कीने ब्वेनोस आयरिसला लग्न केले, दियाघिलेवने त्याला मंडळीतून काढले आणि नाच पेटीत गेला. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. १९२० साली दियाघिलेवला तो पुन्हा रंगमंचावर आणायचा होता. संगीत छापलेले होते, रोरिकचे पडदे आणि कपडे होते. नाच मात्र कुणाला सलग आठवेना. अवघ्या सात वर्षांत, त्याच मंडळीतून, एका नृत्यरचनेची सलग स्मृती नाहीशी झाली होती. शेवटी लेओनिद मासिनने त्याच संगीतावर पूर्ण नवी रचना केली. निजिन्स्कीला पुढे मानसिक आजाराने ग्रासले. १९१९ नंतर तो लोकांपुढे नाचला नाही आणि १९५० साली लंडनमध्ये वारला. ‘वसंतविधी’चे संगीत जगभर वाजत राहिले, पण ज्या पावलांसाठी ते लिहिले होते ती पावले गेली होती.

ती परत आणायचा ध्यास मिलिसेंट हॉडसन या अमेरिकन नृत्यअभ्यासिकेने १९७०च्या दशकात घेतला. पुढे तिला केनेथ आर्चर भेटला. तो इंग्लंडचा कलाइतिहासकार, रोरिकच्या चित्रांमागे लागलेला. दोघांनी लग्न केले आणि कामही वाटून घेतले: नाच तिचा, पडदे आणि कपडे त्याचे.

त्यांच्या हाताशी काय काय होते ते पाहण्यासारखे आहे. सर्वांत मोलाची होती मारी राम्बेरची प्रत. राम्बेर ही पोलंडची तरुणी, ताल अंगात मुरवण्याची दालक्रोझची पद्धत शिकलेली. स्त्राविन्स्कीच्या सतत बदलणाऱ्या मात्रा नर्तकांना मोजून द्यायला दियाघिलेवने तिला नेमले होते. तालमींना कंटाळलेले नर्तक त्यांना अंकगणिताचे वर्ग म्हणत आणि राम्बेरला ‘रिदमिच्का’. आठवण ताजी होती तेव्हाच तिने पियानोच्या छापील प्रतीवर ठिकठिकाणी हालचाली टिपल्या. ही प्रत कित्येक दशके गहाळ होती आणि १९६०च्या दशकात सापडली. दुसरी प्रत खुद्द स्त्राविन्स्कीची: कुठे नर्तकांनी संगीताबरोबर जायचे आणि कुठे त्याच्या आडवे, हे त्याने आपल्या हाताने लिहिले होते. तो कामाचा कागद होता, इतिहासासाठी केलेला नव्हता. तिसरी ठेव व्हॅलेंटाइन ग्रॉसची. ही चित्रकार अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून झरझर रेखाटने करी. एकेका आकृतीला चार-दोन रेषा, पण पाठीचा बाक आणि कोपराचा कोन अचूक.

शिवाय काही छायाचित्रे होती. ती प्रयोगातली नव्हती, त्या काळी ते जमतही नसे. वेष चढवलेल्या नर्तकांना एकत्र उभे करून ती घेतली होती. टीकाकारही उपयोगी पडले. ज्यांना नाच आवडला नव्हता त्यांनी कोणती गोष्ट का असह्य झाली ते बारकाईने लिहिले, आणि आज तीच वर्णने साक्षीला येतात. ज्याक रिव्हिएरसारख्याने बाजू घेऊन दीर्घ निबंध लिहिला. लिडिया सोकोलोवा ही इंग्रज नर्तकी १९१३च्या ताफ्यात होती. तिच्या आठवणी १९६०ला पुस्तकरूपाने आल्या. राम्बेर १९८२पर्यंत हयात होती आणि हॉडसनने तिला गाठून विचारले.

कपड्यांनी तर फार मोठे काम केले. लोकरीच्या जाड कापडाचे ते झगे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. रोरिकने त्यांवर चौकोन, वर्तुळे, पट्टे अशा नक्ष्या रंगवून घेतल्या. रशियन खेड्यांतले भरतकाम त्याने तालाश्किनो गावी जवळून पाहिले होते. प्रिन्सेस तेनिशेवाने तिथे असे पुष्कळ काम जमवले होते. आर्चर आणि हॉडसन यांना दिसले की कपड्यांवरच्या या आकृत्या आणि रंगमंचावर नर्तकांनी धरायच्या आकृत्या एकमेकींशी बोलतात. झग्यावर वर्तुळ, मंचावर फेर. आणखी एक साधी गोष्ट कापडच सांगते: असले वजन अंगावर घेऊन माणूस पिसासारखा उडू शकत नाही. पाय आपटावेच लागतात.

रोरिकचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नसावे. हाच निकोलस रोरिक पुढे कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थायिक झाला आणि डिसेंबर १९४७ मध्ये तिथेच वारला. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजची देविकाराणी ही त्याची सून.

हॉडसनची रीत दिसायला सोपी, करायला जीवघेणी. संगीताची एक मात्रा घ्यायची. राम्बेर म्हणते, इथे उजवा पाय आपटायचा. ग्रॉसच्या रेखाटनात याच प्रसंगी हात छातीशी आवळलेले. छायाचित्रात मान डावीकडे कललेली. एका टीकाकाराला हा घोळका थरथरताना दिसलेला. या चार तुकड्यांतून एक मात्रा उभी राहते. मग पुढची. आणि सर्वांसाठी एकच पाऊल नाही. मंचावर चार-पाच घोळके एकाच वेळी वेगवेगळ्या मोजणीवर हलत असत, म्हणजे एका मात्रेचे काम चौपट-पाचपट. काही मात्रांना भरपूर साक्षीदार, काहींना एकही नाही. जिथे एकही नाही तिथे तिने अलीकडच्या-पलीकडच्या हालचालींचा धागा धरून पाऊल सुचवले. पुढे १९९६ साली तिने पुस्तक काढले त्यात कुठली हालचाल कुठल्या आधारावर आहे ते मात्रावार मांडले. या कामाची खरी प्रतिष्ठा इथे आहे असे म्हणावे लागेल, कारण जोडलेला भाग आणि सापडलेला भाग वाचकाला वेगळा काढता येतो. जुन्या मडक्याच्या खापऱ्या जोडताना मधली जागा फिक्या रंगाने भरतात, तसे.

रॉबर्ट जॉफ्रीच्या अमेरिकन मंडळीने ३० सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिसला हा पुन्हा उभारलेला नाच सादर केला. निवडलेल्या मुलीची भूमिका बिआत्रिझ रॉड्रिगेझने केली. ही मुलगी आधी किती तरी वेळ आत वळलेल्या पायांवर जागच्या जागी उभी असते, भोवती टोळी फिरत असते आणि तिची फक्त गुडघ्यांतली थरथर दिसते. मग उड्या सुरू होतात. बॅलेत बाहेर वळवायला शिकवलेले पाय आत वळवून नाचणे नर्तकांच्या सांध्यांना किती जड गेले असेल! जॉफ्री त्यानंतर सहाच महिन्यांत गेला. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की रंगमंदिरानेही हीच उभारणी स्वीकारली आणि २९ मे २०१३ रोजी, बरोबर शंभर वर्षांनी, त्याच शाँझेलिझे थिएटरात ती नाचली गेली.

हा निजिन्स्कीचाच नाच आहे का? शंका घेणारे अभ्यासक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचे म्हणणे, रेखाटन म्हणजे थांबलेला क्षण. दोन क्षणांमधला प्रवास कागदावर नसतो आणि नाच तर त्या प्रवासातच असतो. हा आक्षेप खोडून काढता येण्यासारखा नाही. पण त्यामुळे उभारणी फोल ठरत नाही. १९८७च्या आधी ‘वसंतविधी’च्या पहिल्या रात्रीविषयी लोक बोलत ते केवळ गोंधळाविषयी, गोंधळ ज्या पावलांवरून झाला ती पावले कुणी पाहिली नव्हती. आता त्यांच्याविषयी वाद घालता येतो, कारण डोळ्यांपुढे काहीतरी आहे.

आता बुडापेस्टच्या त्या दप्तराकडे वळावे. निजिन्स्कीने तिथे लिहून ठेवला तो ‘फॉन’, म्हणजे द्बुसीच्या संगीतावरचा सुमारे दहा-बारा मिनिटांचा बॅले, १९१२ साली सादर झालेला. आपली रचना टिकावी म्हणून त्याने जाणूनबुजून केलेली ही नोंद. पण त्याची लिपी दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हती. ‘फॉन’ दशकानुदशके नाचला गेला तो एका नर्तकाने दुसऱ्याला शिकवत, स्मरणावर, आणि लिहिलेला ‘फॉन’ कपाटात पडून राहिला. ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लाउडिया येश्के यांनी तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस उलगडला. किल्ली सापडली ती निजिन्स्कीच्याच दुसऱ्या कागदांत: वर्गातले रोजचे व्यायाम त्याने याच लिपीत उतरवले होते. व्यायाम तर साऱ्या बॅले जगाला पाठ. ओळखीच्या व्यायामावरून अनोळखी खूण ताडायची, असे करत लिपी उघडली. आणि कळले की स्मरणावर चाललेला ‘फॉन’ मूळ नोंदीपासून बराच सरकला होता. जे हेतुपूर्वक जपले ते सत्तर-पंचाहत्तर वर्षे मुके राहिले आणि तालमीच्या वहीने त्याला बोलते केले.

निजिन्स्की ही नोंद करत होता तेव्हा फ्रान्समध्ये हिंदी पलटणी जवळजवळ एक वर्ष लढून झाल्या होत्या. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन १९१४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मार्सेल्सला उतरल्या. ईप्र, फेस्त्युबेर, नव्ह शापेल, लूस ही नावे मग घरच्या पत्रांत येऊ लागली. १९१५च्या अखेरीला पायदळ मेसोपोटेमियाकडे हलवले गेले, घोडदळ १९१८पर्यंत फ्रान्समध्येच राहिले. पश्चिम आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची आणि कामगारांची संख्या सुमारे १ लाख ४० हजार धरतात.

त्यांत महाराष्ट्राची माणसे होती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७व्या शीख पलटणीबरोबर नव्ह शापेल गावात घुसल्या. सॅपर म्हणजे खंदक खणणारे, पूल बांधणारे, सुरुंग लावणारे जवान. त्यांना त्या दिवशी संगिनी घेऊन घराघरांतून लढावे लागले आणि दोन्ही कंपन्यांची भयंकर हानी झाली. मराठे असलेली १०७वी पायोनियर पलटणही मेरठ डिव्हिजनबरोबर फ्रान्सला होती.

हे सारे जण घरी पत्रे पाठवत. आठवड्याला दहा हजारांहून जास्त! पत्रे उर्दूत, हिंदीत, पंजाबीत, मराठीत, आणखीही भाषांत. बऱ्याच शिपायांना लिहिता येत नसे. पलटणीतला लिहिणारा गाठून ते मजकूर सांगत. गावी पत्र पोचले की वाचू शकणारा माणूस ते मोठ्याने वाचे आणि घर, शेजार, आळी ऐके. म्हणजे बायकोला लिहिलेले चार शब्दही लेखनिकाच्या कानातून, पलटणीच्या साहेबाच्या नजरेखालून, बुलोनच्या टेबलावरून आणि गावातल्या वाचणाऱ्याच्या तोंडून तिच्यापर्यंत जात. हे शिपायाला ठाऊक होते. कोणते वाक्य कुणासाठी लिहिले आहे, हे आज वाचणाऱ्याने सतत ध्यानात ठेवायला हवे.

हॉवेल आणि त्याची मूठभर माणसे सगळी पत्रे वाचू शकत नव्हती. ते निवड करत, निवडलेल्यांतले उतारे इंग्रजीत करत, आणि लष्कराची मनःस्थिती कशी आहे याविषयी टिपण जोडून अहवाल पाठवत. मूळ पत्र बहुधा पुन्हा बंद होऊन गावाकडे जाई. आक्षेपार्ह असेल तर थांबवले जाई. गावी गेलेली पत्रे पावसात, वाळवीत, चुलीत, घरांच्या वाटण्यांत गेली. उरले ते उतारे. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ मध्ये त्यांची मोठी निवड छापली, तेव्हा कुठे या आवाजांना सामान्य वाचक मिळाला.

उतारा कसा वाचायचा याचा एक नमुना. काही पत्रांत मिरीचा मजकूर येतो: हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी संपत चालली आहे, आता लाल वापरतात, पण काळीचा तिखटपणा लालीत नाही. घरच्या वाण्याची यादी वाटावी असा हा मजकूर. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. आपली माणसे मोठ्या संख्येने पडली, आता गोऱ्यांना पुढे करतात, पण ती आपल्याइतकी कडवी नाहीत, असा निरोप. कचेरीने हे कोडे ओळखले आणि अहवालात घातले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत आले. पण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. हिंदुस्थानीत काली मिर्च, लाल मिर्च अशी जोडी सहज जमते. मराठीत उलटवताना मिरी आणि मिरची असे दोन शब्द होतात आणि कोडे थोडे सैल पडते. मूळ शब्द कोणता, ते उतारा सांगत नाही. ग्रॉसच्या रेखाटनात दोन क्षणांमधला प्रवास नाही, तसाच हा प्रकार.

मराठी पत्राच्या बाबतीत तर आणखी काही गळले. त्या काळचे आपले पत्र ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे सुरू होई. आईला काय म्हणायचे, थोरल्या भावाला काय, धाकट्याला आशीर्वाद कसा लिहायचा, याचे मायने ठरलेले. कुणाची विचारपूस आधी आणि कुणाची नंतर यावरून घरातली सारी उतरंड कळे. हेरगिरीच्या दृष्टीने हा मजकूर निरुपयोगी, त्यामुळे उतारा करणारा तो सोडून सरळ मुद्द्यावर येई. मायना गळाला आणि त्याबरोबर शिपाई कुणाचा मुलगा, कुणाचा दीर म्हणून बोलत होता तो सूर गळाला. इंग्रजी उताऱ्यातला माणूस मग उगाच थोडा कोरडा वाटतो.

तरीही किती उरले आहे! युद्धाची तुलना महाभारताशी करणारी पत्रे आहेत. भावाला भरती होऊ नको असे आडून सुचवणारी आहेत. फ्रेंच घरातल्या म्हाताऱ्यांनी मुलासारखे सांभाळले हे सांगणारी आहेत. तिथल्या बायका शेत, दुकान, हिशेब सारे एकट्या चालवतात हे पाहून आपल्या मुलींना शाळेत घाला असे कळवणारी आहेत. पत्रांतून कविता वाढू लागल्या तेव्हा हॉवेलने ते चिंतेचे लक्षण म्हणून वर कळवले. त्याला काळजी सैन्याच्या मनोधैर्याची होती. पण त्याच्या त्या शेऱ्यामुळे १९१५च्या हिवाळ्यापर्यंत आलेली माणसे आतून किती थकली होती हे आज कळते. हॉवेलने नोंद ठेवली ती संशयापोटी, आणि त्याच नोंदीमुळे शिपायांचे दुःख कागदावर टिकले. हे मान्य करताना मन खट्टू होते, पण दुसरा मार्ग नाही.

एकाच माणसाची पत्रे, त्याच्या स्वतःच्या भाषेत, मायेने जपलेली अशीही मिळतात, आणि तिथे फरक लगेच जाणवतो. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे कलकत्त्याचे डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ते कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले. याच वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा. शेवटी उपासमार, आणि सुमारे तेरा हजारांचे तुर्कांपुढे समर्पण. मुखर्जी कैदेतच १९१७ साली वारले. घरी पाठवलेली त्यांची बंगाली पत्रे त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, जपली आणि नातवाचे चरित्र लिहून त्यांत गुंफली. ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक १९२८ साली निघाले तेव्हा आजी ऐंशीच्या घरात होती. ज्या देशभक्तीसाठी युरोप रक्त सांडत होता तिच्यावरच मुखर्जींनी घरच्यांना लिहिताना प्रश्न उभा केला होता. कूतच्या मराठा शिपायांच्या मनात काय चालले होते ते त्यांच्या शब्दांत वाचायला मिळाले असते तर, हा विचार हे पुस्तक पाहताना आल्याशिवाय राहत नाही.

नाच आणि शिपाई, साताऱ्यात या दोन्ही गोष्टी जवळजवळ आहेत. उत्तर चिदंबरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नटराज मंदिरात नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांची शिल्पे आहेत. त्यांचे आराखडे पद्मा सुब्रह्मण्यम यांचे. करण म्हणजे नुसती उभी ठेवण नव्हे, ती एक पूर्ण हालचाल आहे, हे त्यांनी भरताचा मजकूर आणि तमिळ देशीच्या गोपुरांवरची शिल्पे शेजारी ठेवून मांडले आणि स्वतःच्या देहावर करून पाहिले. जुन्या शिल्पकाराने हालचालीतला एक क्षण धरला होता. साताऱ्याच्या शिल्पांत त्यांनी कित्येकदा दुसरा क्षण निवडला. हॉडसनने ज्या दोन क्षणांमधल्या प्रवासासाठी आयुष्याची वर्षे घातली, तोच हा शोध.

आणि त्याच जिल्ह्यात, शहरापासून फार दूर नाही, अपशिंगे मिलिटरी. गावाच्या नावालाच सैन्य जोडलेले. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जण गेले, त्यांचे स्मारक गावात आहे. असे दगड सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे आणखीही गावांत दिसतात: इतके गेले, इतके परतले नाहीत.

या घरांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या ट्रंकांत, देवघराच्या फडताळात अजून काही पत्रे असू शकतात. सापडली तर लॅमिनेट करू नयेत. उष्णता आणि प्लॅस्टिक दोन्ही जुन्या कागदाचा घात करतात. टाचणी गंजली असेल तर अलगद काढावी, चिकटपट्टी लावू नये, घडी जबरदस्तीने उलगडू नये. आधी दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. अक्षर मोडी असेल तर मोडी वाचणारा जाणकार गाठावा आणि त्याच्याकडून पहिल्या ‘श्री’पासून शेवटच्या सहीपर्यंत सगळे उतरवून घ्यावे, मायन्यासकट. पाकीट टाकू नये. पत्रात आपला ठावठिकाणा लिहायची शिपायाला मनाई असे, पण पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते, आणि कोपऱ्यात बहुधा सेन्सॉरचा शिक्का.